'ला पोर्फियादा'ची डावी बाजू

गुरुवार, ४ मार्च १९९३

नवी वही. शिस्त म्हणून आधी नोंद: आबेलिनो ब्रांतेस, वय एकोणसत्तर, विधुर, बंदर खात्यातला निवृत्त ड्राफ्ट्समन, वालपाराइसोच्या नौका-प्रतिकृती क्लबचा ग्रंथपाल. जुनी वही संपली तेव्हा वाटलं होतं की आता लिहिण्यासारखं काही घडायचं नाही. आज क्लबात एक वाकडी बोट आली.

ती घेऊन आलेली बाई साठीची असेल. एदेल्मिरा नाउएल्किन. चिलोएच्या बेटांवरची, इथल्या इस्पितळात चाळीस वर्षं कपड्यांना इस्त्री करून आता मोकळी झालेली. टॉवेलात गुंडाळलेली बोट तिने टेबलावर ठेवली आणि म्हणाली, मे महिन्याच्या प्रदर्शनात ही लावायची आहे.

"कुठली बोट?" मी विचारलं.

"'ला पोर्फियादा'. माझ्या वडिलांनी बांधलेली."

मला हसू आलं. 'ला पोर्फियादा', म्हणजे हट्टी बाई. एका डोलकाठीची शिडाची मालवाहू बोट, बटाटे आणि जळाऊ लाकूड वाहणारी. तिचा जगातला पहिला नकाशा मी काढला आहे. तिची मी केलेली प्रतिकृती क्लबच्या काचेच्या कपाटात मधल्या फळीवर आहे. क्लबच्या लेटरहेडवर जी बोट आहे तीही हीच. आणि ही बाई मलाच येऊन 'ला पोर्फियादा' दाखवतेय.

"बाई, काम सुबक आहे," मी म्हटलं, "पण तुमची बोट डावीकडे फुगली आहे."

"फुगलेलीच होती ती."

"नकाशात तशी नाही."

"मग नकाशा चुकलाय."

खोलीत अठरा माणसं होती. एकानेही चहाचा घोट घेतला नाही.

शुक्रवार, ५ मार्च

रागाने सकाळचा पाव तसाच ठेवला आणि वही उघडली.

हा नकाशा कसा झाला ते लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी तोंड वर करून बोलायला नको. फेब्रुवारी १९६६. माझी बायको ओल्गा आणि मी सुट्टीत दक्षिणेला, पुएर्तो मोंतला गेलो होतो. आंखेल्मोच्या धक्क्याशी ओहोटी होती आणि बोटी चिखलात कुशीवर आडव्या झाल्या होत्या. त्यातली ही मला भावली. बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि सहा तास मापं घेतली. बोट डाव्या कुशीवर होती, म्हणून उजवी बाजू मोजली. जगातला कुठलाही ड्राफ्ट्समन बोटीची एकच बाजू काढतो, दुसरी तशीच असते हे धरून चालतो. ओल्गा शाल गुंडाळून धक्क्यावर बसली होती. म्हणाली, "थांब ना उद्यापर्यंत. उद्याच्या ओहोटीत कदाचित दुसऱ्या कुशीवर पडेल." मी म्हटलं, अर्धी बोट पुरते, उगाच शाई कशाला घालवा.

शाईवरून आठवलं. डेकवर मागच्या बाजूला शाईचा एक थेंब सांडला होता. खोडून कागद फाटला असता, म्हणून त्याचं मी पाण्याचं पिंप केलं. छान दिसलं. तिथे जागा जरा मोकळीच वाटत होती.

आमच्या बुलेटिनच्या सातव्या अंकात तो छापला. माझ्या कार्डांच्या खणात क्रमांक २१२.

गुरुवार, ११ मार्च

ती परत आली. हातात कागदात गुंडाळलेला मिल्काओ, बेटावर करतात ती बटाट्याची जाड भाकरी. सगळ्यांना तुकडा तुकडा दिला, मलाही. मी खाल्ला, कारण अन्नाशी माझं वैर नाही.

मग मी नियम चार वाचून दाखवला. "ग्रंथालयात नोंदवलेल्या छापील दाखल्याशिवाय कोणतीही प्रतिकृती प्रदर्शनाच्या टेबलावर ठेवली जाणार नाही." १९६१ साली मीच लिहिला. त्याआधी इथे लोक मनातल्या बोटी करायचे. एकाने तर चार धुरांडी असलेली टगबोट आणली होती.

"माझा दाखला मी आहे," एदेल्मिरा म्हणाली. "सात वर्षांची होते तेव्हापासून त्या बोटीवर झोपले, जेवले, ओकले. तुम्ही किती दिवस होता?"

"सहा तास. पण फूटपट्टी घेऊन."

"कुठली बाजू मोजलीत?"

"उजवी."

"आणि डावी?"

"डावी तशीच असते, बाई. बोट आहे ती, खेकडा नाही."

सगळे हसले. ती नाही हसली. तिने बोट टॉवेलात गुंडाळली, पण घरी नेली नाही. माझ्या कार्डांच्या कपाटावर ठेवली. "इथेच राहू दे. प्रदर्शनाच्या दिवशी इथूनच टेबलावर जाईल," म्हणाली आणि जिना उतरून गेली.

अध्यक्ष कॅप्टन सानुएसा नौदलातून निवृत्त झालेत, पण नौदल त्यांच्यातून निवृत्त झालेलं नाही. मला कोपऱ्यात घेऊन म्हणाले, "आबेलिनो, भांडू नकोस. तीन दाखले काढ, तीन देशांतले. बाईंच्या हातात प्रेमाने ठेवू आणि प्रेमाने जिन्यापर्यंत सोडू."

तीन काय, काढतोच. एकतीस वर्षं लोकांना दाखले शोधून दिले. आता एकदा स्वतःसाठी शोधतो.

रविवार, १४ मार्च

प्लासा ओ'हिगिन्सचा जुना बाजार. फ्लोरिंदोच्या गाळ्यावर जुनी मासिकं दोरीने बांधून किलोवर विकतात, आणि तो मला बघितलं की दोरी आधीच सोडून ठेवतो.

"आज काय हवंय, साहेब? बुडालेलं की तरंगणारं?"

"चिलोएची शिडाची बोट."

"तुमचीच का ती? स्वतःला विकत घेताय होय!"

तोंडाळ माणूस. पण तिसऱ्या गठ्ठ्यात सापडलं! जेनोव्हाचं मासिक, १९७८, पान चव्वेचाळीस ते सत्तेचाळीस. पूर्ण नकाशा, रंगीत मुखपृष्ठ, दोन्ही बाजू अगदी सारख्या. इटालियन माणूस उगाच छापणार नाही. सगळं नीट दाखवलंय, डेकवरचं पिंपसुद्धा जिथल्या तिथे आहे.

उभ्या उभ्याच एदेल्मिराला मनात सुनावून घेतलं.

मंगळवार, २३ मार्च

ब्वेनोस आयरेसचा मित्र वासेर्मान याचं पाकीट आलं. त्यांच्या क्लबच्या मासिकाच्या फोटोकॉपी, १९७०. आणि त्याने स्वतःहून जोडलेली एका फ्रेंच त्रैमासिकाची चार पानं, १९७४. दोन्हीकडे बोट सरळसोट, कुठेही फुगवटा नाही. दोन्हीकडे पिंप. फ्रेंचांनी तर पिंपाच्या पट्ट्याही मोजून काढल्यात, पाच.

इटली, अर्जेंटिना, फ्रान्स. झाले तीन देश.

संध्याकाळी मुलीचा फोन. निएवेसला सगळं सांगितलं. म्हणाली, "बाबा, त्या बाईंचं नाव तुम्ही आत्तापर्यंत नऊ वेळा घेतलंत."

"तिने चुकाच तेवढ्या केल्यात."

"बरं," म्हणाली आणि उगाच हसली. पोरीला जहाजातलं काही कळत नाही.

गुरुवार, १ एप्रिल

इस्त्री केलेला सदरा घातला. तिन्ही मासिकं टेबलावर एकाशेजारी एक मांडली, पानांत खुणेच्या चिठ्ठ्या घालून. कॅप्टन होते, सगळे होते. एदेल्मिराने चष्मा लावला आणि सावकाश एकेक पान बघितलं. मला वाटलं आता रडेल. मला ते नको होतं, म्हणून मी तिच्यासाठी चहा ओतला.

तिने फ्रेंच पानावर बोट ठेवलं. "हे काय आहे?"

"पाण्याचं पिंप."

"इथे?"

"तीन देशांत तिथेच आहे."

"अहो सेन्योर ब्रांतेस, इथे तर मालाच्या खोलीचं झाकण उघडायचं. पिंप ठेवलं असतं तर बटाटे काढायचे कुठून? रोज सकाळी हे झाकण मीच उचलायचे. इथे कधी बादलीसुद्धा ठेवू द्यायचे नाहीत वडील." मग तिने इटालियन पान पुढे ओढलं. "आणि इथेही पिंप. ह्यांना कोणी सांगितलं पिंपाचं?"

चहा माझ्याच हातात होता, तो मीच पिऊन टाकला. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं आणि घरी आलो.

शुक्रवार, २ एप्रिल

सकाळी किल्ली घेऊन एकटा क्लबात गेलो आणि खण उपसले. माझं २१२ सोडून 'ला पोर्फियादा'ची माझ्याकडे अकरा कार्डं आहेत. मी नेहमी लोकांना सांगतो, लेख वाचताना तळटीप आधी वाचा. स्वतः कधी वाचली नाही.

जेनोव्हाच्या तळटिपेत लिहिलंय: फ्रेंच त्रैमासिकावरून. फ्रेंचांच्या तळटिपेत: ब्वेनोस आयरेसच्या मासिकावरून. ब्वेनोस आयरेसच्या: वालपाराइसो क्लबचं बुलेटिन, अंक सात. उरलेल्या आठ कार्डांचंही तेच, कोणी दोन उड्यांत येतं, कोणी चार. सगळे शेवटी येऊन माझ्याच शाईच्या थेंबात पडतात.

अकरा दाखले नाहीत. मी एकटाच आहे.

शनिवार, ३ एप्रिल

झोप लागली नाही तरी डोकं ठिकाणावर आहे. पिंप चुकलं, मान्य. म्हणून बाजू चुकली असं कुठे होतं? उजवी बाजू मी स्वतः मोजली. सहा तास. बोट ही दोन्ही अंगांनी सारखीच असते, नाहीतर ती गोल गोल फिरेल. तिच्या वडिलांनी मुद्दाम वाकडी बोट का बांधली असेल? काही कारण तर हवं.

कारण असेल तर तिने सांगावं. मी विचारणार नाही.

गुरुवार, ८ एप्रिल

विचारलं.

पवित्र गुरुवार म्हणून क्लब बंद होता. रुळांवरच्या लिफ्टने टेकडी चढून तिच्या घरी गेलो. हातात काहीतरी हवं म्हणून पाव आणि पालता, म्हणजे अव्होकाडो, नेले. तिने दार उघडलं, पाव घेतला आणि म्हणाली, "उशीर केलात. मला वाटलं होतं मंगळवारीच याल."

चहा झाला. मी विचारलं, डावी बाजू फुगलेली का होती. ती जे म्हणाली ते तिच्याच शब्दांत लिहितो, माझे घालत नाही.

"आधी नव्हती. आधी तुमच्या नकाशासारखीच होती, दोन्हीकडून सारखी. मी अकरा वर्षांची होते. ओहोटीला आम्ही एका वाळूच्या पट्ट्यावर थांबलो होतो. बोटीला डावीकडून एक टेकू दिलेला. आई त्या बाजूला खाली शिंपले वेचत होती. टेकू सरकला. बोट एकदम पडली. आवाजसुद्धा झाला नाही फारसा, चिखलच होता. भरती येईपर्यंत ती उचलता आली नाही."

मी कप खाली ठेवला.

"वडिलांनी त्या हिवाळ्यात डावीकडच्या सगळ्या फळ्या काढल्या, बरगड्या काढल्या, नव्या घातल्या. पोट रुंद केलं. म्हणजे मग ती पडायची नाही, बसायची. हळूहळू, म्हातारी खुर्चीत बसते तशी. लोक हसले. ती एका अंगाने ओढायची, सुकाणू सतत धरून ठेवावं लागायचं. वडील म्हणायचे, हसू देत. त्यानंतर प्रत्येक ओहोटीला ते तिला डावीकडेच बसवायचे. नेहमी. म्हणून तुम्हाला दिसली नाही ती बाजू. ती नेहमी खालीच असायची."

मी दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबलो असतो तरी दिसली नसती. ओल्गाला हे सांगायला हवं होतं, असं कारण नसताना वाटलं. मला लाज वाटली. अशी लाज फार वर्षांत वाटली नव्हती आणि ती कुठे ठेवावी हे कळेना, म्हणून मी विचारलं, बोट आता कुठे आहे.

"आहे की. बेटावर, चुलतभावाच्या शेताखाली. जेवढी उरलीय तेवढी."

"मी जाऊन मोजतो."

"एकटे?" तिने माझ्या बुटांकडे बघितलं. "चिखलात पाय कुठे ठेवायचा ते तुम्हाला कळणार नाही. मीही येते."

शुक्रवार, १६ एप्रिल, बेटावर

एक रात्र बस, मग फेरीबोट, मग दालकावेहून मोटारबोट. गुडघे बोलतायत. चुलतभावाने मला बघून तिला विचारलं, "हाच का तो, ज्याने आपली बोट सरळ केली?" मी ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

बोटीची उजवी बाजू गेली आहे. माझी उजवी, मी मोजलेली. तिच्या फळ्या शेताच्या कुंपणाला लागल्या आहेत, मी त्या ओलांडूनच खाली उतरलो. उरलीय ती चिखलात रुतलेली डावी बाजू, आत चिखल होता म्हणून कुजली नाही.

ओहोटीला आम्ही दोघं खाली गेलो. मी पोटावर झोपलो, दुसरा इलाज नव्हता. टेपचं एक टोक माझ्याकडे, दुसरं तिच्याकडे. ती टोक जिथे धरायची तिथे दुसऱ्या हाताचा तळवा फळीवर ठेवायची आणि मी आकडा लिहून होईपर्यंत काढायची नाही. मी हळू लिहीत होतो. नेहमीपेक्षा बरंच हळू.

सगळ्यात रुंद जागी माझ्या १९६६ च्या वहीतल्या उजव्या बाजूपेक्षा अकरा सेंटिमीटर जास्त. तिची प्रतिकृती पंचवीसात एक मापाची आहे. निघायच्या आधी मी त्या प्रतिकृतीला गुपचूप कॅलिपर लावला होता: डावी बाजू साडेचार मिलिमीटर जास्त. भागाकार करून बघितला. सहा वेळा केला.

"काय आलं?" तिने विचारलं.

"तुमचं बरोबर आहे."

"ते मला माहीत आहे. काय आलं?"

गुरुवार, २२ एप्रिल

क्लबात उभा राहिलो आणि सांगितलं. अंक सात चुकीचा आहे, चूक माझी आहे, अकरा मासिकं माझ्यामुळे चुकली आहेत, दुरुस्ती बुलेटिनात छापावी. आणि त्या छापील दाखल्यावर सेन्योरा नाउएल्किन यांची बोट टेबलावर जावी.

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. कॅप्टन म्हणाले, "आबेलिनो, बस."

"मी उभाच ठीक आहे."

"संग्रहालयाच्या भिंतीवर तुझा नकाशा आहे. आपल्या प्रत्येक पत्रावर ती बोट आहे. तीस वर्षं जगभरचे लोक आपल्यावर विश्वास ठेवतायत, आणि आता पत्र टाकायचं की माफ करा, आम्ही अर्धीच बघितली होती? एका म्हातारीच्या आठवणीसाठी?"

"आठवण नाही. अकरा सेंटिमीटर आहेत."

"बुलेटिनात येणार नाही. मी अध्यक्ष आहे तोपर्यंत तरी नाही. आणि छापील दाखला नाही म्हणजे नियम चार. तुझाच नियम."

नंतर जिन्यात दोघा-तिघांनी खांद्यावर हात ठेवला. जिन्यात सगळेच शूर असतात.

घरी येऊन नियम चार परत वाचला. "ग्रंथालयात नोंदवलेला छापील दाखला." कोणी छापलेला, ते लिहिलेलं नाही. मी माझ्याच डोक्याला सलाम केला.

सोमवार, २६ एप्रिल

मासळीबाजारामागे एक छापखाना आहे, तिथे लग्नपत्रिका आणि मृत्यूच्या सूचना छापतात. मालकाने माझा कागद उलटसुलट बघितला. "लग्न की मयत?"

"मासिक."

"किती अंक?"

"एकच. चार पानं, दोनशे प्रती."

"एकच अंक? मग ते मासिक कसं, साहेब?"

"एकदा निघालं की झालं."

मासिकाचं नाव ठेवलं 'डावी बाजू'. पहिल्या पानावर नवा नकाशा, दोन्ही बाजू वेगवेगळ्या, पूर्ण शाई वापरून. दुसऱ्यावर मापं. तिसऱ्यावर माझी चूक, पिंपासकट, आडपडदा न ठेवता. चौथ्यावर रचनेचं कारण, तांत्रिक टिपेत लिहितात तसंच: डाव्या बाजूची रुंदी १९४४ साली वाढवण्यात आली, बोटमालक व सुतार यांची पत्नी दोमितिला बार्रिया यांचा ओहोटीत बोटीखाली मृत्यू झाल्यानंतर, पुन्हा तसं होऊ नये म्हणून. माहिती: त्यांची मुलगी.

हे शेवटचं पान लिहायला सगळ्यात जास्त वेळ लागला. चार वेळा त्यात विशेषणं घातली आणि चारही वेळा काढली.

मंगळवार, ४ मे

अकरा पाकिटं पोस्टात टाकली. जेनोव्हा, ब्वेनोस आयरेस, सगळीकडे. खिडकीतल्या मुलीने विचारलं, "आत काय?" मी म्हटलं, "कबुलीजबाब." तिने शिक्का जरा हळूच मारला.

दुपारी क्लबात नवं कार्ड केलं, क्रमांक ८९०. २१२ वर लाल शाईत लिहिलं: चूक, पाहा ८९०. २१२ फेकायचा नाही. चूकही नोंदलेली राहायला हवी, नाहीतर ग्रंथपाल कशाला.

काचेच्या कपाटातून माझी प्रतिकृती काढली आणि घरी आणली. आता स्वयंपाकघरात साखरेच्या डब्याशेजारी आहे. तिच्या डेकवरचं पिंप नखाने काढून टाकलं, खाली गोंदाचा डाग राहिला.

एदेल्मिराला अंक नेऊन दिला. तिने चौथं पान वाचलं, मग परत वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना ओठ हलत होते. "आईचं नाव कुठे छापलेलं मी कधी बघितलं नव्हतं," म्हणाली. मग लगेच चष्मा पुसून पहिल्या पानाकडे गेली. "डोलकाठी जरा पुढे हवी होती."

"किती पुढे?"

"बघू नंतर. आज नको."

शनिवार, १५ मे

आज प्रदर्शन. नगरपालिकेचं दालन, नौदलाचा बँड, फुलं. कॅप्टन गणवेषात.

सकाळी नऊला मी कार्ड ८९० आणि 'डावी बाजू'चा अंक त्यांच्यापुढे ठेवला. छापील आहे, नोंदवलेला आहे. कॅप्टननी नियम वाचला, परत वाचला, मग माझ्याकडे बघितलं. नियमाबाहेर जाणारा माणूस नाही तो, हे त्याच्या बाजूने लिहितो. "ठीक आहे," म्हणाले. "जाऊ दे टेबलावर."

एदेल्मिराने बोट स्वतः आणली, टॉवेलातून काढली, ठेवली. आणि मग मला दिसलं.

आमच्याकडे टेबलं भिंतीला लावलेली असतात आणि सगळ्या बोटींची तोंडं उजवीकडे असतात. पहिल्या प्रदर्शनापासूनची पद्धत आहे, रांग देखणी दिसते. तोंड उजवीकडे म्हणजे लोकांना दिसते ती उजवी बाजू. कॅप्टननी येऊन तिची बोट रांगेत नीट लावली, तोंड उजवीकडे. डावी बाजू भिंतीकडे गेली, जिथे ती कोणाच्या बापाला दिसली नसती.

एदेल्मिराने बोट फिरवली.

"बाई, रांग मोडतेय," कॅप्टन म्हणाले आणि परत फिरवली.

यावेळी मी फिरवली. सगळ्यांदेखत, दोन्ही हातांनी, हळू, डोलकाठीला धक्का न लावता.

"आबेलिनो, महापौर येतायत."

"येऊ देत. त्यांनाही दोन बाजू आहेत."

त्यांनी परत फिरवली. मी परत फिरवली. बँड सुरू झाला होता, त्यामुळे आमचं बोलणं कोणाला ऐकू गेलं नाही, पण हात सगळ्यांना दिसत होते. तिसऱ्या वेळी कॅप्टनची बोटं बोटीपाशी आली तेव्हा मी मध्ये उभा राहिलो. माझी छाती आणि त्यांची पदकं, मध्ये वीतभर जागा. म्हटलं, "सत्तावीस वर्षं मी ही बोट जगाला एकाच अंगाने दाखवली, कॅप्टन. आता हात लावून बघा." माझा आवाज कापत होता. भीतीने नाही. खरं तर थोडा भीतीनेही.

कॅप्टन माझ्या खांद्यावरून बोटीकडे बघत राहिले. मग टोपी नीट केली आणि महापौरांना घ्यायला दाराकडे गेले. चौथ्यांदा आले नाहीत.

बेचाळीस बोटी उजवीकडे निघाल्या होत्या आणि एक त्यांच्या समोरून येत होती.

साडेअकराच्या सुमारास हातात बाजाराची पिशवी असलेली एक बाई रांगेसमोरून चालत आली, एदेल्मिराच्या बोटीपाशी थांबली. "ही एकटीच उलटी का हो? आणि ही अशी पोटाला सुजल्यासारखी?"

मी तोंड उघडलं. सगळी मापं तयार होती. एदेल्मिराने माझ्या दंडावर हात ठेवला आणि मला गप्प केलं.

"ह्या बाजूखाली माझी आई गेली," ती म्हणाली. "दोमितिला बार्रिया. परत कोणी जाऊ नये म्हणून वडिलांनी ही अशी केली."

त्या बाईने पिशवी खाली ठेवली आणि वाकून बघायला लागली. मागचे लोकही थांबले. मी भिंतीजवळची एक खुर्ची ओढली, टेबलाला लावली, आणि संध्याकाळी दालन बंद होईपर्यंत तिथून उठलो नाही.